दोन घरचे दोन बैल

आषाढातल्या एका दुपारी नागपुरातल्या माझ्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात कोंढ्याहून टेलिफोन आला. बोलणारा कुणी दुकानदार होता. सांगितलेलं पाठ करून ठेवावं तसं त्यानं म्हणून दाखवलं, "बेलटोलीची सगुणाबाई वारली. उद्या सकारी माती." नातं विचारलं नाही, सांत्वन केलं नाही. त्याचं दुकान उघडं होतं आणि निरोप पोचला होता. सगुणाबाई माझी काकी, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आठवड्यापूर्वीच ती नागपूरहून, मुलाच्या घरून, औषधपाणी अर्धवट टाकून परत गेली होती, तेव्हा बातमीत अनपेक्षित असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भंडाऱ्यावरून कोंढ्याला आणि तिथून पायी निघालो. डांबरी रस्ता बेलपार या मोठ्या गावापर्यंत जातो, विजेचे खांबही तिथंच थांबतात. पुढं बेलटोलीपर्यंत बैलगाडीची चाकोरी आहे. धानाच्या रोवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. वाफ्यातले पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवलेले, बांध्यांमध्ये, धानाच्या शेतांत, चिखल तयार, आणि त्या चिखलात एरवी वाकलेल्या दिसणाऱ्या बायका त्या सकाळी काकीच्या अंगणात होत्या. तिरडी बांधून झाली. खांद्याला कोण, हा प्रश्न कुणी उघड विचारला नाही, पण तो तिथं उभा होता. टोलीतले कमावते पुरुष नागपुरात, भिलाईला, वीटभट्ट्यांवर. उरलेल्यांत खांदा देऊ शकतील असे तीनच; मी पुतण्या असलो तरी शहरचा, टोलीच्या मोजणीत नव्हतो. काकीचा मुलगा रमेश पुढं मडकं धरणार होता. बेलपारची काही माणसं चाकोरीवर येऊन थांबली होती, बोलावलं की यायच्या तयारीत. शेजारचा दौलत, सत्तरीला टेकलेला, त्यांच्याकडं पाहून म्हणाला, "त्यायले म्हणा मागून या. खांदा टोलीचाच राहीन." मग त्याची सून सिंधू पुढं आली. लुगड्याचा पदर तिनं कमरेला खोचला आणि चौथ्या बाजूला उभी राहिली. बाई खांदा देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिवेपर्यंत ती चालली, तिथं तिनं खांदा माझ्याकडं दिला, आणि रोवणीला परतली.

बेलटोलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काकीला तिच्यापासून वेगळं काढता येत नाही. गावच्या वरच्या अंगाला जुन्या मालगुजाराच्या काळातला तलाव आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि गाळ काढायचं काम कुणाचं हे ठरता ठरता एका पावसाळ्यात पाळ फुटली. ती नीट बांधली गेली नाही. तलावाखालची जमीन ही ज्या गावाची एकमेव मिळकत, तिथं तलाव गेला की माणसं जातात. पण सगळी एका दिवशी जात नाहीत. आधी एक भाऊ मिरची वाळवायच्या सातऱ्यावर देठं खुडायला जातो, दिवाळीला परत येतो. दुसऱ्या वर्षी बायकोला नेतो. तिसऱ्या वर्षी दिवाळीला येतो तो घराच्या छपराचे फाटे आणि कवेलू उतरवून विकायला. बेलटोलीत अशी घरं बरीच होती. भिंती उभ्या, वर आभाळ, आत भोपळ्याचा वेल. आणि जी घरं झाकलेली होती त्यांतल्या मुलांना कुणी मुली देईनासं झालं. पाहुणे यायचे, पाणी प्यायचे, उघड्या भिंती मोजायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे.

आमच्या भागात अशा गावाच्या शेवटाला एक शब्द आहे, रिठी. महसुलाच्या बोलीत रिठी म्हणजे ज्याला नाव आहे, शीव आहे, शेतं आहेत, पण चूल नाही असं गाव. पवनी तालुक्यात फिरताना अशी गावं लागतात. चिंचेचं मोठं झाड, एखादा मारुतीचा दगड, बाकी नांगरलेलं. तो शब्द भीतभीतच उच्चारला जातो. कुणाचं वाईट चिंतायचं असेल तर "तुझी रिठी होवो" म्हणतात.

काकी त्या शब्दाला भीत नव्हती, तिला तो शिवीसारखा लागायचा. बांध्यानं ठेंगणी, आवाज मात्र तलावाच्या पलीकडं ऐकू जाणारा. काका लवकर गेले. रमेश नागपूरला गिरणीत लागला, तेव्हा त्यानं तिला दोनदा नेलं आणि दोनदा ती आठवडाभरात परत आली. मी एकदा तिला त्याच्या खोलीवर भेटायला गेलो होतो. ती दारात बसून समोरच्या चाळीकडं बघत होती.

"करमत नाही का, काकी?"

"करमते नं. पण येथं मी कोनाशी भांडू, पेपरवाल्या? हे शेजारीण ऐकूनच घेत नाही. सॉरी म्हणते अन् दार लावून घेते."

टोलीत तिला भांडायला दौलत होता. दोघांच्या बांध्या एकमेकींना लागून, मध्ये धुरा, मातीचा बांध. दौलतचं म्हणणं, सगुणाबाई दरसाल कुदळीनं धुरा आपल्या बाजूनं कोरते. काकीचं म्हणणं, कोरतो तो, आणि माती माझ्या नावावर टाकतो. दोघंही खरं बोलत असावीत, कारण धुरा दोन्हीकडून इतका झिजला होता की त्यावरून चालताना एका पायापुढं दुसरा पाय ठेवावा लागे. या भांडणातून अबोला सुरू झाला तो कायमचा. आणि नेमक्या याच दोन घरांवर सावडीची वेळ आली. दौलतचा एक बैल पोट फुगून, तडशीनं मेला, काकीनं एक आधीच विकला होता. दोन घरांचे दोन बैल मिळून एक जोडी करायची आणि दोघांची शेती करायची याला सावड म्हणतात. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बोली होते, धान घरी येईपर्यंत ती पाळायची असते. बोली करताना दोघांमध्ये एक म्हातारा बसवला होता, पुढं तोही भिलाईला मुलाकडं गेला. मग बोलणं बैलांमार्फत सुरू झालं. काकी सकाळी आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "सांग रे तुह्या जोडीदाराच्या मालकाले, आज खालची बांधी चिखलाची हाय. उशीर करू नोको म्हणा." दौलत आपल्या बैलाची शेपटी झटकत उत्तर द्यायचा, "म्हणा तिले, आमाले बी डोळे हाईत." नांगर, चिखलणी दौलतकडं, दोन्ही घरांची रोवणी काकीकडं. वर्षानुवर्षं एकही शब्द थेट न बोलता त्या दोघांनी धान पिकवलं.

आता त्या पोळ्याबद्दल, ज्यामुळं बेलटोलीचं नाव आजूबाजूच्या गावांत झालं. आणीबाणी उठून गेल्यानंतरची गोष्ट. बेलपारच्या पाटलाची काही शेती टोलीत होती, म्हणून दोन्ही गावांच्या पोळ्यात मानाची पहिली जोडी त्याची असे. ती तोरणाखालून गेली की मग बाकीच्या. त्या साली पाटलानं ट्रॅक्टर घेतला आणि जोडी विकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा कोतवाल टोलीत निरोप घेऊन आला. यंदापासून टोलीच्या दोन-चार जोड्या बेलपारच्या तोरणाखाली आणाव्यात, वेगळा पोळा भरवायचं कारण उरलेलं नाही. वरून आपल्या पदरचं एक वाक्य त्यानं जोडलं, "रिठीत कायचा पोळा भरवता, बाप्पा?"

दिसायला ही साधी सोय होती. पण तोरण एकदा चुकलं की त्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, पुन्हा बांधत नाहीत, हे आमच्याकडं सगळे मानतात. पोळा गेला की गुढी जाते, गुढी गेली की लग्नाचा मांडवही बेलपारला पडतो, आणि पटवाऱ्याला पुढचं लिहायला सोपं होतं. टोलीतल्या पुरुषांतून जायला हरकत नाही असा सूर निघत होता. काकी म्हणाली, "ज्याले जायचं त्यानं जावं. मी तोरण बांधून राहिली." आणि रात्र पडायच्या आत आंब्याचे डहाळे आणायला ती स्वतः निघाली.

पोळ्याच्या दिवशी उन्हं कलताना आखरावर गावचे बैल उभे राहिले. तोरण दोन बांबूंवर, थोडं तिरपं. सगळ्यांत पुढं काकीचा तांबडा आणि दौलतचा पांढरा. एकाचा दोर काकीच्या हातात, दुसऱ्याचा दौलतच्या, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मी सणासाठी आलो होतो. आसगावकडचे काही पाहुणेही होते, दौलतचा मुलगा पाहायला आलेले आणि मनातून नकार ठरवलेले. पाटील स्वतः आला. तो वाईट माणूस नव्हता, रीतीचा माणूस होता.

"सगुणाबाई, मानाची जोडी कोनती?"

"हे का उभी हाय."

"कोनाची हे?"

"अर्धी माही. अर्धी बाजूच्याची."

लोक हसले. पाटील हसला नाही. "अवं, पन बाईनं बैल धरावा, तेही..." तो थांबला.

"म्हना नं, विधवेनं. लाजता कायले?" काकी म्हणाली. "तुमच्या बांधीत रोवा रोवाले मी येतो, पाटील. माह्यासारख्या आनखी चार जनी येते. तवा तुमच्या धानाले इटाळ होत नाही. तो भात तुमचा देव खाते. अन् तोरणाले होते?"

पाटलानं इकडंतिकडं पाहिलं. उत्तर द्यायचं तर आपल्या बांध्यांत यापुढं कोण रोवेल याचा विचार करावा लागला असता. तोरणाखालून जोडी जाण्याआधी झडती म्हणायची रीत आहे. जमून केलेली कवनं, त्यांत टोमणे, शेवटी महादेवाचा गजर. ती पुरुष म्हणतात. त्या दिवशी कुणी तोंड उघडायच्या आत काकीनं हात वर केला.

खांब आले बेलपारले, दिवा लागला वाड्यात,
टोली आमची अंधारात, तरी बैल गोठ्यात.
जोडी इकली पाटलानं, ट्रॅक्टर आला दारी,
करा उभा तोरणाखाली, झूल घाला भारी.
रिठी म्हणते कोन आमाले, सांगा त्याचं नाव,
दोन घरचे दोन बैल, तेवढंच आमचं गाव.

"हर बोला," ती ओरडली. मग मागं उभ्या बायकांतून "हर हर महादेव" आलं, आणि मग सगळ्यांतूनच. ट्रॅक्टरला झूल घालण्याच्या ओळीवर बेलपारच्या पोरांनाही हसू आवरलं नव्हतं. दौलत आपल्या पांढऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "चाल बाप्पा. बाई पुढं जाते अन् तू मांगं काहून?" जोडी तोरणाखालून गेली. पाटलानं काकीच्या बैलाला टिळा लावला, हेही इथं नोंदवायला हवं. तो तसाच माणूस होता.

मी नागपूरला परतून बातमी लिहिली. बाईनं झडती म्हटली एवढा भाग छापून आला, आतल्या पानावर. टोली ओस पडते आहे हा भाग निघाला. काढणाऱ्याची चूक नव्हती, बातमीला आज काय झालं ते लागतं. गाव ओस पडणं कुठल्याच एका दिवशी होत नाही, त्यामुळं ते कुठल्याच अंकात बसत नाही. काकीला छापलेलं वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पाटलाचं नाव नाही टाकलं?" नाही म्हटल्यावर तिनं कागद परत दिला. "मंग कायले आनला एवढ्या दूर?"

त्या पोळ्यानं तलाव बांधला नाही. वीज आली नाही. पुढच्या वर्षांत आणखी घरं उतरली. घडली ती एकच गोष्ट, पण तिचं मोल कमी नव्हतं. आसगावकडच्या ज्या पाहुण्यांनी मनात नकार ठरवला होता, त्यांतला मुलीचा बाप जाताना दौलतच्या घरी पुन्हा बसला. त्याला कुणीतरी विचारलं, मन कसं बदललं? तो म्हणाला, "जेथची बुढी अशी बोलते, तेथं पोरगी उपाशी राहीन, मुकी नाही राहाची." टोलीत कित्येक वर्षांनी आलेली ती पहिली सून. तीच सिंधू. दौलतचा मुलगा पुढं नागपूरला सायकलरिक्षा ओढायला गेला, दिवाळी-होळीला येतो. सिंधू टोलीत राहिली. तिची दोन्ही मुलं काकीच्या हातावर जन्मली. सासऱ्याचा अबोला तिला लागू नव्हता, म्हणून दोन्ही घरांत तिचा राबता होता. दौलत म्हणायचा, माझ्या घरचं सगळं तिकडं पोचते. काकी म्हणायची, पोचण्यासारखं त्याच्या घरी काय हाय?

अशी तिची आणखी काही वर्षं गेली. दरसाल तोरण, दरसाल झडती. नव्या ओळी ती रोवणीत जुळवायची, चिखलात वाकलेल्या बायकांकडून तपासून घ्यायची. शेवटच्या आजारात रमेशनं तिला तिसऱ्यांदा नागपूरला नेलं. मी भेटलो तेव्हा पाय सुजलेले होते, आवाज मात्र शाबूत. डॉक्टरांनी राहायला सांगितलंय म्हटलं, तर म्हणाली, "त्याले म्हणा, टोलीत एक चूल इझली तर त्याचं काय जाते? आमचं जाते." चार दिवसांनी ती परत गेली. पुढचं वर आलंच आहे.

तेरवीला रमेश एका व्यापाऱ्याला घेऊन आला. गिरणीत काम आठवड्यातून काही दिवसच मिळत होतं, घरात दोन मुलं. तांबडा बैल हीच आईमागं राहिलेली विकण्याजोगी वस्तू. त्याचा दोष काढण्यासारखं त्यात काही नाही. व्यापारी बैलाचे दात बघत होता तेव्हा दौलत अंगणात आला. पंगतीतून उठून, हात न धुता.

"बैल इकता येत नाही, रमेश. सावडीचा हाय."

"सावड मायनं केली होती, काका. ते तं गेली."

"बैल गेला का?"

रमेश बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"सावड बैलाची राह्यते, मानसाची नाही. मानसाशी तं मी बोलतच नव्हतो." दौलत व्यापाऱ्याकडं वळला. "अखाजीले बोली झाली. धान घरी येतपर्यंत हा बैल कोठी जात नाही. तुमी जेवून घ्या. वडे गरम हाईत."

व्यापारी जेवला आणि गेला. रीतीपुढं त्याचंही काही चाललं नसतं, असा सौदा दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बाजारात सगळ्यांना कळला असता. "माघात पाहू मंग," रमेश म्हणाला. ते त्यानं रागानं म्हटलं नाही. जाताना बैलाच्या गळ्यातली जुनी घाटी, म्हणजे घंटा, काढून त्यानं पिशवीत टाकली, थोडं अंतर जाऊन परत आला आणि पुन्हा बांधली.

गेल्या आठवड्यात पोळा झाला. यंदा बेलपारहून निरोप आला नव्हता. तिकडं सगळे गृहीत धरून होते की आता टोलीचं तोरण बांधायला कुणी नाही. मी दुपारी पोचलो तेव्हा डहाळे आलेले होते आणि सिंधूची मुलं त्यांच्याशी झोंबत होती. तोरण यंदा आणखीच तिरपं. उभे राहिलेले बैल कमी, माणसंही कमी, बायका मात्र सगळ्या. काकीच्या तांबड्याचा दोर कुणी धरायचा हे ठरलं नव्हतं. सिंधू पुढं झाली. सासरा एका दोराला, सून दुसऱ्या. बेलपारची काही मंडळी बघायला आली होती, त्यांत कुजबुज झाली, पण यावेळी विचारायला कुणी पुढं आलं नाही.

झडती कोण म्हणणार? दौलत आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. तो खाकरला, टोपी नीट केली, आणि तोरणाकडं बघत, ज्या बाईशी तो इतकी वर्षं एक शब्द बोलला नाही तिचंच नाव त्यानं थेट घेतलं.

सगुणाबाईनं धुरा कोरला, बांधी माही केली लहान,
सरगात बी भांडत असंन, देवाचे बी खाल्ले कान.

लोकांना हसावं की नाही कळेना. कुणी डोळ्यांना पदर लावला. दौलत "हर बोला" म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात दुसऱ्या दोराकडून सिंधूचा आवाज आला. सुनेचा, डोक्यावर पदर असलेला, पण तलावापलीकडं जाणारा.

मेलेल्यावर आळ घेता, मामाजी, थोडं थांबा,
कुदळीवरची माती कोनाची, आधी तेवढं सांगा.

आखर फुटल्यासारखं हसलं. बायका, पोरं, बेलपारची माणसंसुद्धा. दौलतनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले, काहीतरी जुळवू पाहत होता, जुळत नव्हतं. बैल अस्वस्थ होऊ लागले. मागून कुणी म्हणालं, "बोला गा बुढोबा, जवाब द्या."

"पुढच्या पोळ्याले देतो," दौलत म्हणाला, आणि जोडी तोरणाखाली घातली.